चंद्रावरून परतलेल्यांचं ऐकायचं कसं?

1969 साली कार्तिक पौर्णिमा 23 नोव्हेंबरला होती. गुरू नानकांची पाचशेवी जयंती त्या दिवशी देशभर साजरी झाली. बीड तालुक्यात, बालाघाटच्या डोंगरात, कपिलधारला वीरशैव संत मन्मथस्वामींच्या समाधीची यात्रा भरली. आणि त्याच रात्री पीट कॉनरॅड, डिक गॉर्डन आणि अ‍ॅलन बीन हे अपोलो 12 मधले तिघे चंद्राकडून घराकडे निघालेले होते. कॉनरॅड आणि बीन 19 नोव्हेंबरला चंद्रावर उतरले होते. 25 नोव्हेंबर उजाडायच्या आत, आपल्या घड्याळाप्रमाणे, त्यांचं यान प्रशांत महासागरात पडणार होतं.

आपल्याकडे पौर्णिमा असते तेव्हा चंद्राकडून पाहणाऱ्याला पृथ्वीची अमावास्या दिसते. सूर्य, पृथ्वी आणि चंद्र एका रांगेत येतात आणि पृथ्वीची अंधारी बाजू चंद्राकडे असते. त्यामुळे परतीच्या शेवटच्या टप्प्यात या तिघांसमोर पृथ्वीनं सूर्य झाकला. काळ्या पृथ्वीभोवती वातावरणाची उजळ कड, ढगांमध्ये चमकणाऱ्या विजा आणि मधोमध एक स्थिर, ठळक ठिपका. तो काय आहे हे त्यांना आधी कळेना. ते होतं हिंदी महासागराच्या पाण्यात पडलेलं चंद्राचं प्रतिबिंब. भारतात तेव्हा रात्र होती.

ही हकिगत मी आप्पांना, माझ्या थोरल्या चुलत्यांना, कपिलधारच्या यात्रेत सांगितली. आप्पा जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झालेले शिक्षक. दरवर्षी दिंडीबरोबर पायी येतात, घरी मन्मथस्वामींच्या परमरहस्याचं पारायण चुकवत नाहीत. मी लातूरला विज्ञान शिकवते. समाधीचं दर्शन झालं होतं, कार्तिकात बारीक झालेली धार कड्यावरून पडत होती, मांजरसुंब्याकडून दिंड्या अजून येतच होत्या. तिथे आमचा जो वाद झाला तो मांडते, कारण तो आम्हा दोघांपुरता नाही.

आप्पा : म्हणजे त्या रात्री मी इथंच होतो की! शाळकरी पोर, वडिलांचं बोट धरून आलेला. आणि ते लोक वरून आपल्याच अंधाराकडं बघत होते. बरं, मग परत येऊन त्यांनी सांगितलं काय?

मी : बरंच काही सांगितलं. 1968 ते 1972 या काळात 24 माणसं चंद्रापर्यंत गेली, त्यातली 12 त्याच्यावर चालली. पुस्तकं लिहिली, मुलाखती दिल्या, गावोगाव भाषणं केली.

आप्पा : थोडंफार मीही वाचलंय. पण कुणाचा कुणाला मेळ नाही. एक दारूत बुडाला, एक धर्मप्रचारक झाला, एक चित्रं काढत बसला, एक गप्पच राहिला. आम्ही जिला यात्रा म्हणतो तिच्यातून माणूस बदलून येतो, आणि तो बदल शहाणपणाच्या दिशेनं असतो. ह्यांच्या तर बारा दिशा. मग इतका खटाटोप करून चंद्रानं त्यांना दिलं काय?

मी : चंद्रानं आपल्याला काही द्यावं म्हणून ते गेलेच नव्हते, आप्पा. ते कसलेले वैमानिक. कॉनरॅड आणि बीन यांच्या मनगटावर एक छोटी वही बांधलेली होती. कुठल्या क्रमानं कुठलं काम, कशाला किती वेळ, सगळं तिच्यात लिहिलेलं. त्याआधी आर्मस्ट्राँग आणि ऑल्ड्रिन यानाबाहेर होते जेमतेम अडीच तास. तेवढ्यात झेंडा, कॅमेरा, भूकंपमापक, लेसरचा आरसा आणि दगडमाती. डोळे भरून बघायला सवड होती कुणाला?

आप्पा : सवड नव्हती, तर मग 'असं वाटलं, तसं वाटलं' हे आलं कुठून?

मी : पृथ्वीवर परतल्यावर. माझा मुद्दा तोच आहे. त्यांनी जे पाहिलं ते चंद्रावर पाहिलं, पण त्याचा अर्थ लावला तो इथे, आपापल्या घरी, आपापल्या स्वभावाप्रमाणे. अपोलो 16 चे चार्ली ड्यूक घ्या. बायको-मुलांसोबतचा फोटो चंद्राच्या धुळीत ठेवून आले. आज ते धर्माविषयी भाषणं देतात. पण तेच सांगतात की चंद्रावर त्यांना आध्यात्मिक असं काही जाणवलं नव्हतं. ते धर्माकडे वळले 1978 साली, सहा वर्षांनी. अपोलो 15 चे जेम्स आयर्विन मात्र परत आल्या आल्या प्रचाराला लागले, पुढे नोहाच्या नौकेच्या शोधात अरारात पर्वतावर गेले. आणि अपोलो 8 चे बिल अँडर्स? पृथ्वी किती लहान आहे हे पाहून त्यांची लहानपणापासूनची श्रद्धाच डळमळली. चंद्र तोच, पृथ्वी तीच.

आप्पा : अँडर्स म्हणजे तो फोटोवाला ना? चंद्राच्या कडेवर उगवलेली पृथ्वी?

मी : तोच. 24 डिसेंबर 1968.

आप्पा : मग मला सांग, तो फोटो त्या मनगटावरच्या वहीत होता का?

मी : नाही. त्या मोहिमेत चंद्राच्या पृष्ठभागाचे फोटो काढायचे ठरले होते. पृथ्वी अचानक खिडकीत आली, अँडर्सनी घाईघाईनं रंगीत फिल्म मागून घेतली आणि फोटो टिपला.

आप्पा : बघ! सगळ्या मोहिमांतला जगानं डोक्यावर घेतलेला फोटो, आणि तो वेळापत्रकाबाहेरचा. माणूस हरखला म्हणून निघाला. तुझी वही पाळत बसला असता तर खड्ड्यांचेच फोटो आले असते. अनुभव नंतर घरी येतो म्हणतेस, पण तो तिथंच आला होता.

याला माझ्याकडे लगेच उत्तर नव्हतं. कॅमेरा यंत्र होतं, फिल्म रसायन होतं, पण तो नेमक्या क्षणी उचलणारा हात आश्चर्यचकित झालेल्या माणसाचा होता. आप्पांनी तेवढ्यावर थांबायला नको होतं, आणि ते थांबलेही नाहीत.

आप्पा : आणि तो एडगर मिचेल? त्याच्याबद्दल तूच मागं सांगितलं होतंस.

मी : अपोलो 14, फेब्रुवारी 1971. परतीच्या वाटेवर त्यांना काम कमी होतं. सूर्याची उष्णता एकाच बाजूला लागू नये म्हणून यान स्वतःभोवती सावकाश फिरत ठेवतात. त्यामुळे खिडकीतून पृथ्वी, चंद्र, सूर्य, तारे, सगळे आळीपाळीनं सरकत होते. ते बघता बघता मिचेलना आपण, आपलं यान आणि तारे एकाच द्रव्याचे आहोत असं फार तीव्रतेनं जाणवलं. परत आल्यावर त्यांनी जुन्या ग्रंथांत त्याचं वर्णन शोधलं आणि त्यांना आपल्याकडचा शब्द सापडला, सविकल्प समाधी. 1973 मध्ये त्यांनी चैतन्याच्या अभ्यासासाठी एक संस्था काढली.

आप्पा : मग अजून काय पाहिजे तुला? आम्ही तळहातावर इष्टलिंग घेऊन नजर लावतो ती कशासाठी? ब्रह्मांड एवढ्याशा जागेत पाहायला शिकावं म्हणून. तुझा तो लोव्हेल अंगठा उचलून पृथ्वी झाकायचा ना?

मी : हो. अपोलो 8 मध्ये. डोळ्यासमोर अंगठा धरला की सगळी पृथ्वी त्याच्यामागे जाते, असं ते सांगत.

आप्पा : तोच हात, तीच नजर. आमचे लोक डोंगरात बसून जिथं पोचले तिथं तो माणूस लाखो कोसांवर जाऊन पोचला. मला तर ह्यात आपल्या परंपरेचा पुरावा दिसतो.

मी : मला नाही दिसत, आप्पा. मिचेलच्याच यानात शेपर्ड आणि रूसा होते. तीच खिडकी, तेच फिरणं. त्यांना तसलं काही झालं नाही. पुरावा म्हणायचा तर दोघांना तरी तोच दिसायला हवा. मिचेलना जे वाटलं ते खरंच वाटलं, यात मला शंका नाही. पण ते विश्वाबद्दलचं सत्य आहे की मिचेल यांच्याबद्दलचं, हे त्यांच्या सांगण्यावरून ठरत नाही.

आप्पा : आणि तुझं सत्य कशावरून ठरतं?

मी : दगडांवरून. सहा मोहिमांनी मिळून 382 किलो दगडमाती आणली. तिचे नमुने जगभरच्या प्रयोगशाळांना दिले गेले आणि मुंबईत टाटा मूलभूत संशोधन संस्थेतल्या देवेंद्र लाल यांच्या गटाकडेही आले. त्यांचं काम काय होतं? अवकाशातून येणारे वेगवान कण खनिजाच्या स्फटिकात शिरले की त्यांच्या वाटेवरची रचना मोडते. डोळ्यांना काही दिसत नाही. स्फटिक रसायनात ठेवला की त्या मोडलेल्या वाटा कोरल्या जातात आणि सूक्ष्मदर्शकाखाली बारीक रेषा दिसतात. त्या किती दाट आहेत यावरून तो स्फटिक चंद्राच्या पृष्ठभागाजवळ किती काळ पडून होता हे काढता येतं. चंद्रावर कधीही न गेलेल्या माणसांनी कुलाब्यात बसून हे वाचलं. त्याच गटातले नरेंद्र भांडारी पुढे चांद्रयान-1 च्या वैज्ञानिक आखणीत होते.

आप्पा : चांगलं काम आहे, नाही कोण म्हणतो? पण दगड तेवढंच सांगतो जेवढं तू विचारतेस.

मी : आणि पुन्हा विचारता येतं, हेच त्याचं मोठेपण. अपोलोचे नमुने कोरडे ठणठणीत आहेत, त्यांत पाणी नाही, असं वर्षानुवर्षं मानलं गेलं. 2008 साली जास्त बारीक मोजणारी उपकरणं घेऊन त्याच मातीतले ज्वालामुखीच्या काचेचे मणी पुन्हा तपासले, तर त्यांत पाण्याचा अंश निघाला. पुढच्या वर्षी चांद्रयान-1 वरच्या उपकरणानं पृष्ठभागावरही पाण्याच्या खुणा दाखवल्या. साठवलेला दगड चाळीस वर्षांनी जास्त अचूक बोलला. माणसाची आठवण चाळीस वर्षांनी जास्त अचूक होते का?

आप्पा थोडा वेळ काही बोलले नाहीत. मग त्यांनी अ‍ॅलन बीनचा विषय काढला, ज्यांच्यापासून आमचं बोलणं सुरू झालं होतं.

आप्पा : ते चित्रं काढणारे हेच ना?

मी : हेच. त्यांची गोष्ट वेगळी आहे. अपोलो 12 नं रंगीत टीव्ही कॅमेरा नेला होता. चंद्रावर तो हलवताना बीनच्या हातून त्याचं तोंड सूर्याकडे झालं आणि आतली नळी जळाली. त्यामुळे त्यांचं पुढचं चालणं जगाला टीव्हीवर दिसलंच नाही. लोकांनी नुसते आवाज ऐकले. 1981 मध्ये बीननी नासा सोडली आणि उरलेलं आयुष्य, 2018 मध्ये मृत्यू येईपर्यंत, चंद्राची चित्रं काढली. कॅनव्हासवर रंगाचा जाड थर द्यायचे आणि त्यात चंद्रावर वापरलेला हातोडा आणि बुटाच्या तळव्याचा साचा दाबून खुणा उमटवायचे. पोशाखावरच्या कापडी बिल्ल्यांत चंद्राची धूळ बसलेली होती. त्यांचे बारीक तुकडेही रंगात मिसळायचे.

आप्पा : म्हणजे जे दाखवायचं राहिलं ते त्यांनी जन्मभर दाखवलं.

मी : पण चंद्र करडा आहे, आप्पा. बीनच्या चित्रांत तो जांभळा, सोनेरी, हिरवट दिसतो. त्यांना स्वतःला हे चांगलं ठाऊक होतं. करडा रंगवला तर चित्र मरतं, म्हणून रंग घातले असं ते सांगायचे. मग मी माझ्या मुलांना काय सांगू, चंद्र कसा आहे?

आप्पा : सांग की चंद्र करडा आहे, आणि तिथं उभा राहिलेला एक माणूस त्याला असं जपून होता. दोन्ही खरं आहे. त्यानं करडा रंग लपवला का? नाही ना? मग तो खोटं बोलला नाही.

मी : लपवला नाही, हे मान्य. म्हणूनच मला बीन फार जवळचे वाटतात. कुठला भाग पाहिलेला आणि कुठला घातलेला, हे त्यांनी उघड ठेवलं.

आप्पा : आणि ते दारूत बुडालेले?

मी : बझ ऑल्ड्रिन. चंद्रावरून आल्यावर अपोलो 11 च्या तिघांना जगभर फिरवलं. वीसहून जास्त देश. 26 ऑक्टोबर 1969 ला ते मुंबईतही आले, कोजागरी नुकतीच झाली होती. त्या दौऱ्याबद्दल मायकेल कॉलिन्स एक गोष्ट नेहमी सांगायचे. जिथे जाऊ तिथे लोक 'तुम्ही अमेरिकनांनी केलं' असं म्हणत नव्हते, 'आपण केलं' म्हणत होते.

आप्पा : आमच्या वडिलांच्या तोंडीही तेच होतं. 'माणूस पोचला', असं म्हणायचे.

मी : कॉलिन्सना ते भावलं. पण ऑल्ड्रिन आतून ढासळत होते. 'कसं वाटलं?' हा एकच प्रश्न त्यांना जन्मभर विचारला गेला. नैराश्य आलं, दारू लागली. 1973 मध्ये त्यांनी स्वतःच पुस्तकात हे सगळं लिहिलं, जेव्हा अशा हुद्द्याची माणसं असं लिहीत नसत. पुढे दारूही सोडली. आणि आर्मस्ट्राँग विद्यापीठात इंजिनिअरिंग शिकवायला गेले. यान कसं उतरवलं हे विचारलं की भरभरून बोलत. मनात काय होतं विचारलं की दोन वाक्यांत संपवत.

आप्पा : पोरी, ह्यात मला त्या लोकांचा दोष दिसत नाही. विचारणाऱ्यांचा दिसतो. कुणी दूर जाऊन आला म्हणून त्याला पाटावर बसवून उपदेश मागायचा? गुरू होणं वेगळं. मन्मथस्वामींनी ह्या डोंगरात तप केलं, ग्रंथ लिहिला, लोकांमध्ये राहून शिकवलं. शिकवण्यासाठी आयुष्य द्यावं लागतं. आठ-दहा दिवसांच्या प्रवासावर ते ओझं टाकलं, तर माणूस वाकणारच.

मी ज्या ठिकाणी युक्तिवादानं पोचायला धडपडत होते तिथे आप्पा त्यांच्या वाटेनं आधीच येऊन बसले होते. कॉलिन्सचंच पाहा. आर्मस्ट्राँग आणि ऑल्ड्रिन खाली असताना ते एकटे चंद्राभोवती फिरत होते. प्रत्येक फेरीत पाऊण तासाहून जास्त वेळ ते चंद्रामागे जात आणि पृथ्वीशी संपर्क तुटे. जगानं ठरवून टाकलं की हा सर्वांत एकाकी माणूस. त्यांनी 1974 च्या पुस्तकात लिहिलं की एकटेपणा नव्हता, उलट समाधान होतं, जवळजवळ आनंद होता. तरी लोक त्यांना तेच विचारत राहिले. साक्षीदारानं साक्ष दिली होती, ऐकणाऱ्यांना आपणच तयार केलेलं उत्तर हवं होतं.

आपणही हेच करतो. एप्रिल 1984 मध्ये राकेश शर्मा सॅल्यूत 7 वर होते. वरून भारत कसा दिसतो, असं इंदिरा गांधींनी विचारलं आणि शर्मांनी इक्बालांच्या गीतातली ओळ म्हटली. सगळा देश सुखावला आणि आपलं कुतूहल तिथेच संपलं. त्यांनी तिथून भारताच्या भूभागाची पद्धतशीर छायाचित्रं घेतली, वजनरहित अवस्थेत शरीरावर काय परिणाम होतो हे पाहण्यासाठी योगासनांचे प्रयोग केले, हे किती शाळांत सांगितलं जातं?

आप्पांचं आणि माझं एका गोष्टीवर आजही एकमत नाही. मिचेल यांचा अनुभव हा पुरावा आहे असं ते मानतात, मी मानत नाही. पण त्या संध्याकाळी एक गोष्ट मला पटली आणि ती मी ठामपणे लिहिते. चंद्रावरून परतलेल्यांचं ऐकायचं ते साक्षीदार म्हणून. साक्षीदाराकडून शहाणपणाची अपेक्षा नसते, प्रामाणिकपणाची असते. ड्यूकनी धर्माकडे वळण्याची तारीख प्रामाणिकपणे 1978 सांगितली, अँडर्सनी श्रद्धा डळमळल्याचं सांगितलं, ऑल्ड्रिननी दारूचं सांगितलं, बीननी रंग आपण घातल्याचं सांगितलं. या माणसांच्या बारा दिशा झाल्या म्हणून त्यांचं सांगणं फोल ठरत नाही. सगळ्यांनी घोकल्यासारखं एकच सांगितलं असतं तर मी त्यावर कमी विश्वास ठेवला असता. दगड जपून ठेवायचे ते पुन्हा विचारता यावं म्हणून. माणसांची साक्षही तशीच जपायची, शब्दाला शब्द, आपल्या सोयीची न करता.

डिसेंबर 1972 मध्ये अपोलो 17 परतलं. त्या मोहिमांतली बहुतेक माणसं आता हयात नाहीत. आर्मस्ट्राँग 2012 मध्ये गेले, अपोलो 17 चे सर्नन 2017 मध्ये, कॉलिन्स 2021 मध्ये, अँडर्स 2024 मध्ये. आणि भारतानं 2040 पर्यंत आपला माणूस चंद्रावर उतरवायचं ठरवलं आहे. तो किंवा ती परत येईल तेव्हा आज मराठवाड्यातल्या शाळांत बसलेली मुलं प्रश्न विचारणाऱ्या वयाची असतील. शिक्षकांना माझी विनंती आहे, त्यांना आतापासून विचारायला शिकवा. 'कसं वाटलं?' जरूर विचारावं, पण त्याआधी 'काय पाहिलं?' विचारावं, आणि उत्तर मनासारखं आलं नाही तरी ते जसंच्या तसं लिहून घ्यावं.